अपग्रेडची तबकडी आणि कोरी पाटी

शाळेच्या संगणक-खोलीतले एखादे यंत्र सुरू व्हायला पाच-सात मिनिटे घेऊ लागले, मधूनच अडकू लागले, की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आता फॉरमॅट मारा आणि नवीन विंडोज टाका.’ दुरुस्तीला येणारा माणूस हे काम तासा-दोन तासांत उरकून जातो. दुसऱ्या दिवशी यंत्र झपाझप चालते. चौथ्या दिवशी मात्र कोणी तरी विचारते, ‘मागच्या वर्षीचे गुणतक्ते कुठे गेले?’ किंवा ‘ही मराठीतली पत्रे अशी विचित्र का दिसताहेत?’

‘फॉरमॅट मारणे’ आणि ‘विंडोज टाकणे’ या दोन क्रियांत नेमके काय घडते, हे आपण सहसा पाहत नाही. ते समजून घेण्यासाठी एक चांगले उदाहरण अनेक शाळांच्या कपाटातच पडलेले असते. ते म्हणजे ‘अपग्रेड’ असे छापलेली जुनी सीडी किंवा डीव्हीडी. ही तबकडी पूर्ण तबकडीपेक्षा स्वस्त मिळे. जुन्या विंडोजवर नवी विंडोज चढवण्यासाठी ती असे. मग प्रश्न असा, की हार्ड डिस्क पूर्ण पुसून टाकली, जुनी विंडोज उरलीच नाही, तर या तबकडीने नवी विंडोज टाकता येते का? चढायला पायरीच नसेल तर वर जायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना कार्यप्रणाली म्हणजे काय, ती कुठे राहते, पुसणे म्हणजे काय आणि ‘हे सॉफ्टवेअर माझे आहे’ असे म्हणण्याला आधार कशाचा, अशा चार गोष्टींचा उलगडा होतो. म्हणून तो प्रश्न धरूनच पुढे जाऊ या.

कार्यप्रणाली कुठे राहते?

संगणकाचे बटण दाबले की मुख्य पट्टीवरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्रॅम प्रथम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत. नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. हा प्रोग्रॅम कळफलक, मेमरी वगैरे जागेवर आहेत ना ते पाहतो आणि मग कार्यप्रणालीचा शोध घेतो.

जुन्या पद्धतीत हा शोध फार साधा असे. हार्ड डिस्कचा अगदी पहिला कप्पा, म्हणजे सेक्टर, ५१२ बाइटचा. त्यातल्या पहिल्या ४४६ बाइटमध्ये एक चिमुकला प्रोग्रॅम, पुढच्या ६४ बाइटमध्ये डिस्कचे भाग कोठून कोठपर्यंत आहेत याची सारणी आणि शेवटच्या २ बाइटमध्ये ‘हा कप्पा वैध आहे’ अशी खूण. सारणीतल्या प्रत्येक भागाच्या नोंदीला १६ बाइट लागतात. म्हणून या पद्धतीत डिस्कचे मुख्य भाग चारच का करता येतात, हे विद्यार्थी तोंडी भागाकार करून सांगू शकतील.

तो चिमुकला प्रोग्रॅम आपल्याहून थोड्या मोठ्या प्रोग्रॅमला उठवतो, तो त्याहून मोठ्याला, आणि अशा साखळीने अखेर विंडोज किंवा लिनक्स मेमरीत येते. म्हणजे कार्यप्रणाली ही यंत्राच्या आत कायमची कोरलेली वस्तू नव्हे. ती हार्ड डिस्कवर लिहिलेल्या हजारो फाइलींचा संच आहे. लिहिलेली गोष्ट पुसता येते आणि पुन्हा लिहिता येते.

तबकडीवरचा ‘सेटअप’ हा प्रोग्रॅम हेच लिहिण्याचे काम करतो. तो डिस्कचे भाग पाडतो, त्या भागाला फाइली ठेवण्याजोगा करतो, तबकडीवरच्या फाइली उलगडून डिस्कवर ठेवतो, समोर कोणते यंत्र आहे ते ओळखून त्याला लागणारे ड्रायव्हर जोडतो आणि बटण दाबल्यावर साखळी नीट चालेल अशी व्यवस्था करतो.

वरून टाकणे आणि मुळापासून टाकणे

नवी विंडोज टाकण्याचे दोन मार्ग असतात. पहिल्या मार्गात जुनी विंडोज जागेवर असतानाच तिच्यावर नवी चढवतात. कार्यप्रणालीच्या फाइली बदलतात; पण आपण टाकलेले इतर प्रोग्रॅम, छपाईयंत्राची जोडणी, फॉन्ट, पार्श्वचित्रापर्यंतच्या आवडीनिवडी तशाच पुढे येतात. या सगळ्या नोंदी विंडोज ‘रजिस्ट्री’ नावाच्या एका मोठ्या वहीत ठेवते आणि अपग्रेड करताना ही वही नव्या विंडोजच्या हाती सोपवली जाते.

सोय मोठी आहे. अडचणही तिथेच आहे. वहीबरोबर जुन्या चुकाही येतात. चार वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या स्कॅनरचा ड्रायव्हर, काढूनही पुरता न निघालेला एखादा खेळ, यंत्र सुरू होताच आपोआप उठणारे दहा-बारा प्रोग्रॅम, कधी एखादा व्हायरस, हे सारे नव्या घरात सामानासकट राहायला येतात. पोपडे धरलेल्या भिंतीवर रंगाचा हात फिरवावा तसे हे होते. चार दिवस बरे दिसते.

दुसरा मार्ग पोपडे खरवडून काढण्याचा. डिस्कचा तो भाग रिकामा करायचा आणि नवी विंडोज अशी टाकायची, की जणू यंत्र आजच दुकानातून आले आहे. यालाच ‘क्लीन इन्स्टॉल’ म्हणतात. आपण त्याला कोरी पाटी म्हणू. यात जुन्या चुका जातात, आणि जुनी कामेही जातात. पाटी पुसणाऱ्याला त्यावर गणित आहे की रेघोट्या, हे कळत नाही.

पाटी खरेच पुसली जाते का?

‘फॉरमॅट’ या शब्दाभोवती मोठा गैरसमज आहे. फॉरमॅट केले की डिस्कवरचे सगळे नाहीसे होते, असे आपण धरून चालतो. डिस्कवर फाइली असतात, त्याचबरोबर त्या फाइली कोठे आहेत हे सांगणारी एक अनुक्रमणिकाही असते. ‘क्विक फॉरमॅट’ करताना फक्त ही अनुक्रमणिका नव्याने, कोरी लिहिली जाते. मजकूर जागच्या जागी असतो. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो शोधून काढता येतो.

मग पूर्ण फॉरमॅटचे काय? विंडोज एक्सपी आणि त्याआधीच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅटला वेळ लागे तो डिस्कवरचे खराब कप्पे तपासण्यासाठी. मजकूर तेव्हाही पुसला जात नसे. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून हे बदलले आणि पूर्ण फॉरमॅट प्रत्येक कप्प्यात शून्ये लिहू लागले.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. चुकून फॉरमॅट झालेल्या डिस्कवर लगेच नवी विंडोज टाकू नये. आधी जाणकाराला दाखवावी, मजकूर परत मिळण्याची शक्यता असते. आणि शाळेची जुनी यंत्रे भंगारात किंवा लिलावात देताना नुसत्या क्विक फॉरमॅटवर विसंबू नये. मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे फोन त्यावर तसेच असू शकतात.

चौकट : वर्गात करून पाहण्यासारखे

*प्रयोग १.* शंभर पानी वहीत आठ-दहा पानांवर वेगवेगळ्या मुलांना चार-चार ओळी लिहू द्या. पहिल्या पानावर अनुक्रमणिका करा. आता पहिले पान फाडा. विचारा : मजकूर गेला का? मग एका मुलाला ‘वही कोरी आहे’ असे समजून कोणत्याही पानावर मोठ्या अक्षरात लिहायला सांगा. कोणाचा मजकूर वाचता येईना झाला? क्विक फॉरमॅट आणि त्यानंतरचे लेखन म्हणजे हेच.

*प्रयोग २.* एका जुन्या पेन ड्राइव्हवर पाच-सहा छायाचित्रे ठेवून क्विक फॉरमॅट करा. त्यावर काहीही न लिहिता ‘फोटोरेक’ या मोफत प्रोग्रॅमने ती शोधा. सापडलेली छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर ठेवा. फाइलींची नावे परत येत नाहीत, चित्रे मात्र बहुधा येतात. असे का, याचे उत्तर पहिल्या प्रयोगात आहे : नावे अनुक्रमणिकेत होती.

तबकडी तीच, प्रश्न एक जास्त

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अपग्रेडच्या तबकडीवर अर्धीमुर्धी विंडोज असते आणि उरलेली ती जुन्यातून घेते, असे पुष्कळांना वाटे. तसे नव्हते. तिच्यावर संपूर्ण कार्यप्रणाली असे. पूर्ण तबकडीत आणि तिच्यात मुख्य फरक असा, की सेटअप चालताना ती एक प्रश्न जास्त विचारी : ‘तुमच्याकडे याआधीची विंडोज आहे ना?’

या एका प्रश्नाची किंमत मोठी होती. २००१ साली विंडोज एक्सपीची होम आवृत्ती अमेरिकेत पूर्ण संचात १९९ डॉलरना आणि अपग्रेड म्हणून ९९ डॉलरना मिळे. फाइली त्याच, भाव निम्मा. सॉफ्टवेअर विकत घेताना आपण तबकडी विकत घेत नाही. ते वापरण्याचा परवाना घेतो. अपग्रेडचा परवाना हा जुन्या परवान्याला जोडलेले पुढचे पान असते. जुना परवाना असेल तरच त्याला अर्थ. आणि एकदा पुढचे पान जोडले की मागचे पान फाडून दुसऱ्या यंत्रासाठी वापरता येत नाही.

हे तर्काला पटते. पण माणसाला विचारायचा हा प्रश्न यंत्राने विचारायचा कसा? जुना परवाना म्हणजे एक हक्क, आणि हक्काला रंग-रूप नसते. सेटअप पाहणार ते हक्काच्या एखाद्या पुराव्याकडे. पुरावा कोणता मानावा, याचे उत्तर दर काही वर्षांनी बदलत गेले.

पुराव्याच्या पाच तऱ्हा

पहिली तऱ्हा जुनी तबकडी दाखवण्याची. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आली. तिचा अपग्रेडचा संच सीडीवर मिळे, तसाच १३ फ्लॉपींवरही मिळे. जुनी विंडोज ३.१ डिस्कवर असेल तर सेटअप तिला ओळखून पुढे जाई. डिस्क कोरी असेल तर ते थांबून जुन्या विंडोजची फ्लॉपी मागे. ती घालताच त्यावरच्या ठरावीक फाइली तपासून पुढे सरके. १९९८ च्या विंडोज ९८ चीही रीत हीच. गैरसोय दुसरीच होती. अपग्रेडची सीडी स्वतःहून यंत्र सुरू करू शकत नसे. त्यामुळे आधी एका फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचे, सीडी वाचणारा ड्रायव्हर त्यातूनच चढवायचा आणि मग सीडीकडे वळायचे.

विंडोज एक्सपीने हे सोपे केले. सीडीवरून यंत्र थेट सुरू होई. सेटअप डिस्कवर जुनी विंडोज शोधी, न सापडल्यास जुनी सीडी घालायला सांगे आणि खात्री पटल्यावर पुन्हा एक्सपीची सीडी मागून कामाला लागे. विंडोज ९८ किंवा त्यानंतरची सीडी पुरावा म्हणून चाले; ९५ ची चालत नसे. म्हणजे अपग्रेडच्या तबकडीने कोरी पाटी करणे हा अगदी सरळ, राजमान्य मार्ग होता. ज्यांच्या यंत्राबरोबर विंडोजची खरी सीडी न देता कंपनीची ‘रिकव्हरी’ सीडी दिलेली असे, त्यांची मात्र पंचाईत होई. तिच्यावरच्या फाइलींची मांडणी वेगळी असल्याने सेटअपला ती पुष्कळदा ओळखू येत नसे. हक्क होता, पुरावा नव्हता.

दुसरी तऱ्हा २००७ सालच्या व्हिस्टाने आणली. तिने जुनी तबकडी मागणे बंद केले. चालू स्थितीतली जुनी विंडोज हाच पुरावा. अपग्रेडच्या डीव्हीडीवरून यंत्र सुरू करून परवान्याची किल्ली, म्हणजे प्रॉडक्ट की, दिली तर ती नाकारली जाई. आधी जुनी एक्सपी सुरू करायची, तिच्या आतून सेटअप चालवायचे आणि ‘कस्टम’ हा पर्याय निवडायचा, असा मार्ग उरला. यात नवी विंडोज नव्या रजिस्ट्रीसह येई आणि जुनी सारी सामग्री ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवली जाई. पाटी पुसण्याऐवजी जुनी पाटी माळ्यावर ठेवून नवी घेण्यासारखे हे होते. कोरेपणाचे बहुतेक फायदे यात मिळत आणि विसरलेली फाइल माळ्यावरून काढताही येई.

पण हार्ड डिस्कच बिघडली आणि नवी बसवली तर? नव्या डिस्कवर एक्सपी नाही, म्हणून व्हिस्टा नाही. आधी एक्सपी टाका आणि मग तिच्यावर व्हिस्टा, असा दुहेरी खटाटोप आला. त्यावर एक गमतीदार वाट सापडली. व्हिस्टा किल्ली न देताही ३० दिवस वापरता येत असे. तेव्हा किल्ली न देता ती कोऱ्या डिस्कवर टाकायची. मग तिच्या आतून सेटअप पुन्हा चालवून व्हिस्टावरच व्हिस्टा अपग्रेड करायची आणि या वेळी किल्ली द्यायची. सेटअपला ‘आधीची विंडोज’ दिसे, ती स्वतःचीच आवृत्ती आहे हे त्याला चाले.

ही वाट विद्यार्थ्यांशी चर्चा करण्याजोगी आहे. यंत्र पुरावा तपासते. हक्क तपासत नाही. ज्याच्याकडे एक्सपीचा खरा परवाना आहे त्याने ही वाट वापरली, तर तो आपल्याच घरात मागच्या दाराने शिरला. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने वापरली तर ती चोरीच. सेटअपने हो म्हटले म्हणून तिची साव होत नाही. क्रिया तीच, पण एकाची योग्य आणि दुसऱ्याची अयोग्य. फरक यंत्राबाहेर आहे.

२२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेल्या विंडोज ७ मध्ये ही तपासणी आणखी पुढे सरकली. अपग्रेडच्या डीव्हीडीवरून कोऱ्या डिस्कवर विंडोज ७ टाकून होई. पण नंतर परवाना नोंदवताना, म्हणजे ‘ॲक्टिव्हेशन’च्या वेळी, ही किल्ली फक्त अपग्रेडसाठी आहे, कोऱ्या स्थापनेसाठी नाही, अशा अर्थाचा संदेश येऊ शके. वरची दुहेरी स्थापनेची वाट इथेही चाले.

तिसरी तऱ्हा याच सुमारास ॲपलने वापरली. ऑगस्ट २००९ मध्ये तिची स्नो लेपर्ड ही कार्यप्रणाली २९ डॉलरच्या डीव्हीडीवर आली. परवाना आधीच्या लेपर्डच्या धारकांसाठी होता. पण तबकडी जुनी प्रणाली आहे का हे विचारीतच नसे. डिस्क युटिलिटी या साधनाने डिस्क पुसायची आणि प्रणाली टाकायची. किल्लीही नाही. हा सारा व्यवहार विश्वासावर होता, आणि तो परवडे, कारण कंपनीची कमाई मुख्यतः यंत्राच्या विक्रीतून होई.

चौथी तऱ्हा यंत्रालाच पुरावा मानण्याची. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून दुकानातून येणाऱ्या पुष्कळ यंत्रांच्या मदरबोर्डवरच किल्ली लिहिलेली असते. २९ जुलै २०१५ रोजी आलेली विंडोज १०, विंडोज ७ आणि ८.१ च्या धारकांना एक वर्ष विनामूल्य मिळाली. सुरुवातीला अट अशी, की आधी जुनीवर नवी चढवा. तसे केल्यावर त्या यंत्राच्या सुट्या भागांवरून काढलेली एक खूण कंपनीच्या सर्व्हरवर नोंदली जाई. नंतर डिस्क कितीही वेळा कोरी करा. यंत्र इंटरनेटला जोडताच सर्व्हर त्याला ओळखी. नोव्हेंबर २०१५ च्या सुधारित आवृत्तीपासून जुनी किल्ली थेट कोऱ्या स्थापनेतही चालू लागली. जुन्या किल्ल्यांची ही सोय २०२३ साली बंद करण्यात आली. या पद्धतीत हार्ड डिस्क बदलली तरी ओळख पुसली जात नाही. मदरबोर्ड बदलला तर मात्र यंत्राला आपली ओळख पुन्हा पटवावी लागते.

पाचवी तऱ्हा पुरावाच न मागण्याची. लिनक्सचा परवाना सर्वांना खुला आहे. त्यामुळे तिथे ‘वरून टाकू की कोरी करू’ हा प्रश्न केवळ तांत्रिक उरतो, हक्काचा राहत नाही.

मराठी मजकुराचे काय होते?

आतापर्यंतची गोष्ट कोणत्याही देशातल्या संगणकाची होती. पण कोरी पाटी करताना आपल्याकडे एक खास नुकसान होते.

१९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे शाळांची पत्रे, प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाचे अंक श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरमधून लिहिले गेले. तेव्हाच्या फॉन्टमध्ये एका बाइटला एक आकृती, म्हणजे जास्तीत जास्त २५६ घरे असत. इंग्रजीत ज्या घरात एखादे रोमन अक्षर, त्याच घरात मराठी फॉन्टने ‘क’ किंवा काना ठेवलेला असे. फाइलीत साठवला जाई तो फक्त घराचा क्रमांक. त्या घरात कोणती आकृती आहे, हे फॉन्ट सांगे. शिवाय प्रत्येक कंपनीची घरांची वाटणी निराळी.

कोरी पाटी केली की फॉन्ट जातो. फाइल सुरक्षित ठेवलेली असली, तरी ती उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरे, उलटी प्रश्नचिन्हे आणि टिंबे यांची खिचडी दिसते. ‘फाइल खराब झाली’ म्हणून ती पुसून टाकणारी कार्यालये कमी नसतील. खरे तर फाइल धडधाकट असते. तिचा चष्मा हरवलेला असतो. तोच फॉन्ट परत टाकला की मजकूर पूर्ववत दिसतो. वर्गात हे दाखवणे सोपे आहे : जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली ओळ निवडा आणि फॉन्ट बदलून टाइम्स किंवा एरियल करा, मग पुन्हा मूळ फॉन्ट द्या.

युनिकोडने हा घोळ मुळातून सोडवला. त्यात प्रत्येक लिपीला वेगळी घरे आहेत. देवनागरीच्या मुख्य गटाला १२८ घरे असून ‘क’चा क्रमांक, सोळाच्या पटीत मोजणाऱ्या पद्धतीने, ०९१५ असा कायमचा ठरलेला आहे. फॉन्ट कोणताही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो. मात्र इथेही कार्यप्रणालीवर एक जबाबदारी येते. ‘कि’ हे अक्षर साठवताना आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी असा उच्चाराचा क्रम असतो. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. जोडाक्षरांचे आकारही जुळवावे लागतात. हे काम करणारा भाग विंडोजमध्ये २००० साली, विंडोज २००० बरोबर, मंगल या फॉन्टसह आला. विंडोज एक्सपीत तो तबकडीवर होता, पण भारतीय भाषांसाठी तो आपोआप बसत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांसमोर खूण करावी लागे आणि त्यासाठी एक्सपीची सीडी पुन्हा घालावी लागे. फॉरमॅट मारणारा घाईत ही खूण विसरला, की युनिकोडमधले निर्दोष मराठीही चौकोनांच्या रांगेसारखे दिसे. व्हिस्टापासून ही खूण करण्याची गरज उरली नाही.

पाटी पुसण्यापूर्वी

विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था, किमान ४ जीबी मेमरी आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. शाळांतल्या कितीतरी यंत्रांत हे नाही. अशा यंत्रांवर आता लिनक्स टाकण्याचा विचार होईल, काहींवर वेगळी विंडोज टाकली जाईल. कशीही असो, पाटी पुसली जाणार आहे. म्हणून हा क्रम लक्षात ठेवावा.

१. प्रथम फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ यांवर थांबू नये. जुनी कामे अनेकदा सी किंवा डी भागात थेट फोल्डर करून ठेवलेली असतात. फॉरमॅट कोणत्या भागाचे होणार हेही विचारून घ्यावे.

२. ‘विंडोज’ फोल्डरमधल्या ‘फॉन्ट्स’ची प्रत घ्यावी. मराठी सॉफ्टवेअरच्या मूळ तबकड्या, किल्ल्या आणि असल्यास हार्डवेअर लॉक एकत्र ठेवावेत.

३. प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे न तपासलेली उत्तरपत्रिका.

४. परवान्याचा पुरावा शोधावा : यंत्राच्या पेटीवरची चिठ्ठी, खरेदीची पावती, जुनी आणि नवी अशा दोन्ही तबकड्या. अपग्रेडची तबकडी ठेवून तिच्याआधीची टाकून देणे म्हणजे खरेदीखत ठेवून सातबारा फाडणे.

५. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावा. तो नसेल तर इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नसेल तर बाकीचे ड्रायव्हर उतरवता येत नाहीत.

६. जुन्या फॉन्टमधला महत्त्वाचा मजकूर जमेल तसा युनिकोडमध्ये आणावा. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात. रफार आणि जोडाक्षरांत त्यांच्या चुका होतात, म्हणून मूळ कागदाशी ताडून पाहावे. हे काम वरच्या वर्गातल्या मुलांना वाटून देता येईल. शुद्धलेखनाचाही सराव होईल.

७. नवी कार्यप्रणाली टाकल्यावर आठ-दहा दिवस बाहेरची प्रत तशीच राहू द्यावी. काय राहिले ते पहिल्या दिवशी कळत नाही.

प्रत्येक यंत्रासाठी एक पातळ वही करून त्यात ते कधी घेतले, कोणती विंडोज कोणत्या परवान्याने आली, पाटी कधी पुसली आणि प्रत कोणत्या डिस्कवर आहे, एवढे लिहून ठेवले, तर दुरुस्तीला येणारा माणूस बदलला तरी अडचण येत नाही. संगणक-खोलीची ही नोंदवही सांभाळण्याचे काम आठवी-नववीच्या दोन विद्यार्थ्यांकडे द्यावे आणि दर वर्षी नव्या दोघांनी ते जुन्यांकडून शिकून घ्यावे.